पांढऱ्यावर तीन लाल ठिपके

१८ डिसेंबर, गुरुवार. उद्या येळवस. दुपारपासून तुरीच्या शेंगा सोलत बसले आहे.

शेंगा सोलण्याचं एक बरं असतं, हात आपोआप चालतात आणि डोकं मोकळं राहतं. शाळेत गणित शिकवताना ते कधी मोकळं नसतं, म्हणून वर्षातून एकदा हे काम मी आवडीनं करते. समोर मोठ्या जाऊबाई वाटाणे घेऊन बसल्या आहेत. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. पलीकडे चुलीवर ज्वारीचं पीठ शिजतंय. ते निवलं की त्यात ताक आणि ठेचलेला लसूण घालून मातीच्या बिंदगीत भरून ठेवायचं. रात्रभर मुरलं की उद्याची आंबील तयार.

"इतक्या शेंगा कुणाला गं?" अक्कांनी माझ्या टोपल्याकडं बघून विचारलं.

"लागतील."

"पीठ बी दुप्पट टाकलंस."

"लागेल."

अक्कांनी वाटाण्याची एक शेंग कच्चीच तोंडात टाकली आणि हसल्या.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजेच येळवसेला, लातूर जिल्हा आणि त्याला लागून असलेला नांदेडचा पट्टा घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातो. शहरातली दुकानं बंद, रस्ते ओस. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो ओळखीच्याच्या शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच दगड मांडायचे, त्यांना चुना द्यायचा आणि त्यावर कावेचे तांबडे ठिपके. हे पांडव. त्यांची पूजा झाली की पंगत. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं. कोण, कुठला, हे त्याचं जेवण झाल्यावर विचारायचं. नांदेडच्या शाळेत मी वर्षभर किरकोळ रजा जपून वापरते आणि त्यातली एक या दिवसासाठी बाजूला ठेवते. आदल्या दिवशी शाळा अर्धी करून आम्ही नवरा-बायको कंधार, जांब करत जळकोटच्या अलीकडे आमच्या गावी येतो. शेती मोठे भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर बघतात.

या दिवसांत ऊन गोड लागतं, पण सावलीत पाय ठेवला की शहारा येतो. हरभऱ्यात चालून आलं की पायांना पानांवरची आंब लागते आणि वहाणेच्या पट्ट्याखाली चुरचुरतं. तुरीच्या शेंगांचा चिकटा बोटांना बसतो, तो साबणानं जात नाही, तेल लावावं लागतं. उसाच्या ट्रॉल्या मोठ्यानं गाणी लावून रस्त्यानं जातात आणि त्यांच्यामागं धूळ बराच वेळ तशीच लोंबत राहते. हे सगळं दरवर्षी सारखंच असतं. तरी बोटांना चिकटा लागला की मला दरवेळी तीन वर्षांपूर्वीचीच येळवस आठवते.

त्या वर्षी माझ्या मुलीचं काय करायचं ते ठरायचं होतं.

मुलगी वैष्णवी, घरात वैशू. बारावीनंतर तिला लातूरला नीटच्या क्लासला घातलं होतं. आमच्याकडं हे इतकं सवयीचं आहे की घातलं का, असं कुणी विचारत नाही. वर्ष गेलं, गुण आले नाहीत. मग तिनं भांडून, दोन दिवस न जेवून, लातूरमध्येच ग्राफिक डिझाइनच्या पदवीला प्रवेश घेतला. मी तिला एकच सांगितलं होतं. येळवसेपर्यंत बघू. मला पटलं तर पुढं शिक, नाही पटलं तर नव्या वर्षात परत नीटची तयारी. भाऊजींनी त्यांच्या ओळखीच्या क्लासमध्ये एक जागा धरायला सांगितलं होतं. येळवस झाली की त्यांना हो किंवा नाही कळवायचं होतं. वैशूच्या बाबांनी नेहमीप्रमाणं अंग काढून घेतलं. "तू मास्तरीण आहेस, तुला कळतं," म्हणाले.

मला कळत नव्हतं, हीच अडचण होती. गणितात उदाहरण सुटलं की सुटलं आणि चुकलं तर कुठल्या पायरीवर चुकलं ते दाखवता येतं. ही पोर दिवसभर काय करत होती, त्यातलं बरोबर कोणतं आणि चूक कोणतं, हे मी कशावरून ठरवणार?

बाहेरच्या लोकांची वेगळीच तऱ्हा. मुलगी लातूरला शिकते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कोणत्या क्लासला? डिझाइन म्हटलं की समोरचा माणूस थांबतो.

"म्हणजे कपड्याचं?"

"नाही."

"मग फ्लेक्सचं?"

काही दिवसांनी मी "हो, फ्लेक्सचं" म्हणून विषय संपवायला लागले.

तसं बघितलं तर तिची सुरुवात फ्लेक्सपासूनच झाली. लातूरच्या चौकाचौकांत क्लासवाल्यांचे फलक असतात, पास झालेल्या मुलांच्या फोटोंचे. पहिला आलेल्याचा चेहरा दरवाजाएवढा. खाली येता येता चेहरे लहान होत जातात, शेवटच्या ओळीतला टिकलीएवढा. क्लासच्या वर्षात मी तिला भेटायला गेले होते, तेव्हा रिक्षातून जाताना ती एका फलकाकडं बघत म्हणाली, "आई, मी यावर कुठं असेन माहितीय? खाली, त्या पाइपाच्या मागं. पण हा फलक मी यापेक्षा नीट लावला असता."

मी तिला रागावले. अभ्यास सोडून फलक कसले बघतेस म्हणाले. परत येताना मात्र मी तो फलक नीट बघितला. शेवटच्या ओळीतली मुलं खरंच कुणाला ओळखू आली नसती. त्यांच्या आयांना सुद्धा शोधावं लागलं असतं.

आता मागं वळून बघितलं की वाटतं, तिचं बघणं लहानपणापासूनच चालू होतं, आम्ही त्याला वेंधळेपणा म्हणत होतो. नांदेडात वाढलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढून चार लिप्या जातात. आपली बाळबोध, गुरुद्वाऱ्याकडच्या रस्त्यावर गुरुमुखी, जुन्या पेठेत उर्दू आणि धर्माबादच्या माझ्या माहेरी जाताना तेलुगू. स्कूटरवर माझ्यापुढं उभी राहून ती पाट्या बघायची. उर्दू पाटीवरची वळणं बोटानं हवेत काढायची. मी विचारायची, "काय लिहिलंय गं?" तर म्हणायची, "काय म्हाईत. पण होडीत तीन मुंग्या बसल्यात."

मोठी झाल्यावर तिनं एकदा मला सांगितलं, "जे वाचता येतं ते दिसत नाही आई. वाचून होतं आणि डोळा पुढं जातो. न येणारी लिपी नीट दिसते." हे मला तेव्हा पटलं नाही, अजूनही अर्धंच पटतं. पण फळ्यावर मी भलंमोठं सूत्र लिहिते आणि मुलं ते उतरवून घेतात, त्यावर एक नजरही न टाकता. तेव्हा हे वाक्य आठवतं खरं.

पदवीच्या त्या पहिल्या वर्षी नोव्हेंबरात मी लातूरला तिच्या खोलीवर गेले होते. क्लासच्या वर्षात त्याच भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता होता. आता तक्ता गेला होता आणि भिंत कचऱ्यानं भरली होती. दुसरा शब्द नाही. आगपेट्यांची चित्रं, उदबत्तीच्या पुड्यांचे कागद, एसटीच्या पाट्यांचे फोटो, बारदानाचा एक तुकडा आणि काळ्यापांढऱ्या डागांची चित्रंच चित्रं.

"हे काय आहे?"

"सरांनी सांगितलंय. जिथून तुम्हाला सुचतं ते भिंतीवर लावा."

"आणि अभ्यास कुठं लावायचा?"

"हाच अभ्यास आहे."

मी पलंगावर बसले. एकेका तुकड्याकडं बोट करून विचारत गेले, पोरांची तोंडी परीक्षा घेते तसं.

बारदानाचा तुकडा धर्माबादचा निघाला. माझा भाऊ तिथं मोंढ्यात आडतीवर काम करतो. दिवाळीत ही मामाकडं गेली होती आणि सकाळी त्याच्याबरोबर मिरचीच्या पोत्यांत जाऊन बसली होती. प्रत्येक व्यापाऱ्याची पोत्यावर खूण असते, पत्रा कापून त्यावरून शाई फिरवतात. कुणाची छत्री, कुणाचे दोन आंबे, कुणाचा चंद्र. हमालांना अक्षर येवो न येवो, पोतं बरोबर थप्पीला जातं. ही शिंकत शिंकत फोटो काढत होती. भावाचा मला फोन आला होता, "ताई, लोक देवापुढं वाकतेत, तुझी पोरगी पोत्यापुढं वाकून राहिली. मुनीम विचारू लागला, तपासणीची बाई हाय का म्हणून. सकाळपासनं समद्यांचं माप चोख."

काळेपांढरे डाग देवणी बैलांचे होते. तिच्या बाबांबरोबर ती देवणीच्या बाजाराला जाऊन आली होती. या बैलांत प्रकार असतात. अंग पांढरं आणि तोंड काळं तो वानेरा, अंगभर काळे डाग तो शेवरा. तिला शेवरा हवा होता, कारण त्याच्या एका बाजूचा डाग दुसऱ्या बाजूसारखा नसतो. एका बैलवाल्याला तिनं बैल फिरवून दाखवायला सांगितला.

"घ्यायचाय का?" त्यानं विचारलं.

"नाही, डाव्या अंगानं बघायचाय."

"डाव्या अंगानं बी बैलच हाय बाई."

तरी त्यानं फिरवून दाखवला, असं तिचे बाबा सांगतात. वर हेही सांगतात की परत येताना पूर्ण वाटेत वैशू एकच गोष्ट बोलत होती. तो डाग गोलही नाही, चौकोनीही नाही, तरी शंभर बैलांत तो बैल ओळखू येतो. असं अक्षरात कसं आणायचं?

मी ऐकलं, डबा दिला आणि परत निघाले. बसमध्ये मनाशी हिशेब मांडला. मुलगी हुशार आहे. तिला गंमत वाटते आहे. गंमत वाटणं आणि पोट भरणं यात अंतर आहे. मला त्या भिंतीत काम दिसत नव्हतं. येळवसेला अजून महिना होता आणि माझं मत जवळपास क्लासच्या बाजूनं झालं होतं.

येळवसेच्या आदल्या दिवशी ती लातूरहून शिरूर ताजबंदवरून आली, खांद्याला झोळी लावून. आल्या आल्या भाऊजींना विचारलं, "तात्या, चुना किती हाय?"

"पांडवांपुरता हाय. का?"

"बादलीभर लागतोय."

तिला सुट्टीत करायला काम दिलेलं होतं. आपल्या घरची एखादी अडचण घ्या आणि एकही अक्षर न वापरता खुणेनं सोडवा. तिनं अडचण शोधली होती आणि ती खरी होती, हे मला मान्य करावं लागलं. आमचं शेत रस्त्यापासून आत आहे. मध्ये एक ओढा, चार-पाच जणांची रानं, डोक्याच्या वर गेलेली तूर. ओढ्याच्या उतारात मोबाइलला रेंज नसते. माझ्या शाळेतल्या बाया, यांच्या हाफिसातली माणसं दरवर्षी चुकतात. हे सकाळपासून बांधाबांधानं पाहुणे शोधत फिरतात आणि जेवायला शेवटी बसतात.

संध्याकाळपर्यंत तिनं रस्त्याकडच्या पुलापासून कोपीपर्यंत खुणा केल्या. पुलाच्या कठड्यावर, बाभळीच्या खोडावर, विहिरीच्या भिंतीवर, ओढ्यातल्या मोठ्या दगडावर. ताटाएवढा पांढरा गोल आणि त्यावर कावेचे तीन लाल ठिपके. ठिपके गोलाच्या ज्या अंगाला सरकलेले, त्या अंगाला वळायचं. लांबून दिसायचा, उन्हात तर फारच. मी बघून आले. म्हटलं, दिसतंय चांगलं.

"फक्त चांगलं?"

"उद्या माणसं पोचली की सांगते."

दुसऱ्या दिवशी माणसं पोचली. माझ्या शाळेतल्या बाया वेळेत आल्या, कधी नव्हे ते न चुकता, आणि आल्या आल्या खुणांचं कौतुक करायला लागल्या. वैशूनं माझ्याकडं बघितलं. मी वाटाणे, तूर, हरभऱ्याची भज्जी ढवळत होते, मान हलवली. हे कोपीपाशी आरामात बसले होते, त्यांना काय करावं सुचत नव्हतं.

मग एक जीप आली. त्यातून बाप्ये, बाया, लेकरं आणि एक आजी उतरली. उदगीरकडची माणसं वाटली. मी समजले यांच्या हाफिसातली, यांना वाटलं माझ्या शाळेतली. पानं वाढली. त्यांच्यामागं मोटारसायकलवर दोघं, मग चालत एक कुटुंब, मग टमटम. पंगत उठायची, दुसरी बसायची. अक्का बाजरीचे उंडे थापत होत्या, मी वाढत होते. कुणाला काही विचारायची रीत नाही आणि वेळही नव्हता. भज्जीचं पातेलं तळाला गेलं. आंबिलीची बिंदगी वाकडी करून ओतायची वेळ आली.

तेवढ्यात जीपमधल्या एका बाप्यानं तोंड पुसत विचारलं, "व्यंकटराव कुठं दिसनात?"

व्यंकटराव म्हणजे पलीकडच्या शेताचे मालक. ही सगळी त्यांची माणसं होती. मोटारसायकलवाले आणखी तिसऱ्याच शेताचे. टमटममधल्यांना कुणाच्याच शेतात जायचं नव्हतं, ते रस्त्यानं जांबकडं निघाले होते आणि खूण बघून वळले होते.

जीपमधली आजी म्हणाली, "आता अर्ध्यातून उठू का काय? वाढ गं माय, आंबील वाढ."

थोड्या वेळानं व्यंकटरावांची बायको शेवंताबाई डोक्यावर पातेलं घेऊन बांध उतरून आली. "काय वो मास्तरीणबाई, आमचे पाव्हणे पळवले म्हणं तुम्ही."

"पळवले नाहीत, आपणहून आले."

"आपणहून कसे येतेत? गेल्या साली माझा सख्खा जावई कालव्यात जाऊन बसला, पर तुमच्याकडं न्हाई आला."

"औंदा आमच्या पोरीनं खुणा केल्यात," अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मला अभिमान ऐकू आला आणि मी थोडी चकित झाले. शेवंताबाईंनी पातेलं आमच्याच कोपीपुढं टेकवलं. मागून व्यंकटराव बिंदगी घेऊन आले. तिसऱ्या शेताची माणसंही आपापलं घेऊन आली. दुपार उतरेपर्यंत तीन शेतांची येळवस आमच्या एका शेतात झाली. भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा होता. तुडवलेल्या हरभऱ्याकडं बघायचं की भरलेल्या पंगतीकडं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

मी वैशूला शोधत होते. मला वाटलं, कोपीमागं रडत बसली असेल. खूण आपल्या पाहुण्यांसाठी होती आणि सगळा मुलुख जेवायला आला होता. म्हणजे काम फसलं होतं. संध्याकाळी काय ठरायचं आहे हे तिला माहीत होतं आणि भाऊजींनी भरपंगतीत म्हणूनही घेतलं होतं, "डाक्टर व्हायची सोडून पाव्हणे गोळा करून राहिली."

ती रडत नव्हती. आजीसमोर उकिडवी बसली होती.

"आजी, तुम्ही इकडं का वळलात?"

"खूण दिसली म्हणून."

"पण ती कशाची वाटली तुम्हाला?"

"पांढऱ्यावर तांबडं दिसलं. म्हनलं, हितं पांडव मांडलेत, वाढून राहिलेत. येळवसेला आनखी काय असतंय?"

वैशूनं कपाळावर हात मारला. मलाही तेव्हाच कळलं. चुना आणि काव. तिनं घरात होतं ते घेतलं होतं, लांबून दिसतं म्हणून घेतलं होतं. पण या दिवशी या मुलखात पांढऱ्यावर लाल ठिपका म्हणजे एकच गोष्ट. वाटेचं दगड-झाड तिनं पांडवांसारखं रंगवलं होतं आणि पांडव दिसले की माणूस जेवायला बसतो. पुण्यामुंबईचा कुणी त्या खुणेला फसला नसता. फसली ती आमचीच माणसं, कारण त्यांना खूण वाचता येत होती.

मग ती उठली. टमटमवाल्यांना विचारलं, मोटारसायकलवाल्यांना विचारलं. कुठल्या खुणेला वळलात, आधी पांढरं दिसलं का लाल, ठिपके मोजले का. मग एकटीच वाटेनं मागं गेली, बाभळीपाशी थांबली, डोळे बारीक करून बघितलं, पुढं गेली. मी हातात पळी घेऊन तिच्याकडं बघत उभी राहिले.

क्लासच्या वर्षात सराव परीक्षेचा पेपर हातात आला की ही मुलगी फक्त गुण बघायची आणि पेपर घडी करून पिशवीत टाकायची. कुठं चुकलं ते बघ म्हणून मी ओरडायची, मग बघायची, मग रडायची. वर्षानुवर्षं मी मुलं शिकवते. बरोबर उत्तराचा मला फार भरवसा नाही, ते शेजाऱ्याच्या वहीतूनही येतं. पण चुकलेल्या उदाहरणाकडं न सांगता परत जाणारं मूल क्वचित भेटतं आणि ते भेटलं की मास्तराला दुसरं काही बघायची गरज उरत नाही. इथं न सांगता, भर उन्हात, सगळ्यांसमोर माझी मुलगी आपल्या चुकीच्या मागं चालत निघाली होती.

दिवस कलल्यावर भाऊजी पेटता टेंभा घेऊन शेताला फेरी मारून आले. फेरी मारताना ते एक आरोळी देतात, तिचे शब्द अर्धे कानडी आहेत आणि अर्थ घरात कुणाला धड सांगता येत नाही. पण ओढ्यापलीकडच्या शेतातून तीच आरोळी उलट येते आणि सगळ्यांना बरं वाटतं. टेंभा विझवून ते माझ्याकडं आले.

"मग काय सांगू त्यांला?"

"जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं."

"बघ बरं. मागून म्हणशील, भाऊजींनी सांगितलं न्हाई."

"नाही म्हणणार."

वैशूचे बाबा विहिरीपाशी बिंदगी विसळत होते. त्यांनी वर बघितलं नाही, पण विसळलेली बिंदगी परत एकदा विसळली.

वैशू अंधार पडायच्या आधी वाटेवरून परत आली. पाय धुळीनं भरलेले. "आई, काय ठरलं?"

"आधी त्या खुणा पुसून ये. उद्या कुणी आलं तर वाढायला काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सोमवारची लातूरची गाडी पकड."

ती हसली नाही की गळ्यात पडली नाही. आमच्याकडं ती पद्धत नाही. उरलेली गुळाची खीर पातेल्यातूनच खाल्ली, पाण्याची बादली उचलली आणि खुणा पुसायला गेली. पुलाच्या कठड्यावरची काही निघाली नाही. सिमेंटानं चुना पिऊन टाकला होता. ती फिकी खूण पुढच्या पावसाळ्यानंतरही तिथंच होती.

तेव्हापासून येळवसेच्या खुणा तिच्याकडं लागल्या. दर वर्षी थोड्या बदलून करते आणि दर वर्षी थोडी परकी माणसं येतातच. ती उदगीरची आजी तर आता व्यंकटरावांकडं जायचं नावच घेत नाही. पुलाशी जीप थांबवते आणि लेकाला म्हणते, आपली खूण हीच. शेवंताबाई दर वर्षी आमच्याशी त्यावरून भांडतात आणि भांडून झालं की जेवायला बसतात.

आता वैशूचं शेवटचं वर्ष आहे. लोक अजून विचारतात, डिझाइन म्हणजे काय? मी आता "फ्लेक्सचं" म्हणत नाही. खुणांचं, म्हणते. समोरच्याला तेही कळत नाही, पण मला सांगितल्यासारखं वाटतं. पुढं तिचं काय होईल ते मला माहीत नाही. नोकरी लागेल, नाही तर काढेल काही स्वतःचं. नीट झालेल्यांचं तरी काय होतं ते मला कुठं माहीत असतं.

आज शेंगा सोलता सोलता तिचा फोन आला. या वेळी ती आदल्या दिवशी येऊ शकत नाही, काम जमा करायचं आहे. उद्या सकाळी लातूरहून वर्गातल्या मुलामुलींना घेऊन थेट शेतात येणार.

"आई, खुणा तू करशील? नवीन खूण पाठवलीय. या वेळी जमलीय बघ."

फोटो उघडून बघितला. पांढरा गोल तोच. लाल ठिपके काढून टाकलेत. गोलात एकच काळा डाग, गोलही नाही आणि चौकोनीही नाही, शेवऱ्या बैलाच्या डाव्या अंगावर असतो तसा. एका बाजूला निमुळता, तिकडं वळायचं. बघितल्याबरोबर दुसऱ्या कशाची आठवण येत नाही. चांगली आहे. तीन वर्षं ती जे शोधत होती ते तिला सापडलंय, एवढं मलाही दिसलं.

"याला पांडव समजून कुणी येणार नाही," ती म्हणाली. "फक्त आपलेच पाहुणे येतील."

"बरं."

"मापं लिहिलीत खाली. तशीच कर. मनानं काही करू नको."

"बरं बाई."

फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगा ओढून घेतल्या. अक्कांनी विचारलं, "काय म्हनती?" मी सांगितलं, यंदा पाहुणे कमी. अक्कांनी माझ्या टोपल्याकडं बघितलं, चुलीवरच्या पातेल्याकडं बघितलं आणि पुन्हा वाटाण्याला लागल्या.

१९ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी उन्हं यायच्या आत मी चुना कालवला, चुलीतला कोळसा कुटून पाण्यात घोटला आणि वाटेला लागले. बाभळीवर, विहिरीच्या भिंतीवर, ओढ्यातल्या दगडावर वैशूनं पाठवली तशी खूण काढली, वितीनं मोजून, मनाचं काही न करता. शेवटी पुलाशी आले. एका कठड्यावर नवी खूण काढली. समोरच्या कठड्यावर ती जुनी, फिकी होती. आजी म्हातारी झाली आहे, तिला आता नवी खूण कोण समजावणार? मी पिशवीतून कावेची पुडी काढली, जुन्या गोलाला ताजा चुना दिला आणि त्यावर तीन लाल ठिपके ठेवले.